माझ्यावर कुणी बसेना

मित्रांनो, आधी एक प्रश्न विचारते. ज्या खुर्चीवर वर्षानुवर्षं कुणी बसलंच नाही, तिला खुर्ची म्हणावं की नाही? उत्तराची घाई करू नका. माझी हकीगत ऐका, मग सांगा.

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. सरळ पाठ, चार जाड पाय आणि बसायला सपाट फळी. मला हात मात्र नाहीत. समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात माझा मुक्काम असतो. माझं लाकूड गिरडकडच्या जंगलातलं. ज्या सुताराने मला घडवलं, त्याला कुणीतरी विचारलं, "काऊन गा, हात काऊन नाई लावले इले?" रंधा न थांबवता तो म्हणाला, "महाराजाईले बोलता बोलता हात फेकाची सवय हाये. खुर्चीले हात लावले तं कोपरं फुटतीन त्याईचे!"

तर मी महाराजांसाठी जन्मले. चंद्रभान महाराज हे आमच्या पंचक्रोशीतले कीर्तनकार. सप्ताहात दुपारी ते माझ्यावर बसून प्रवचन सांगत, आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले की मी त्यांच्या मागे उभी. मृदंगी रंगात आला, टाळकऱ्यांनी चाल धरली की ते घटकाभर माझ्यावर टेकत, उपरण्याने घाम पुसत आणि पुन्हा उठत. मित्रांनो, कीर्तन मी कानांनी ऐकलं नाही. मला कान कुठले? टाळाचा ठेका जमिनीतून माझ्या पायांत चढायचा, महाराजांचा आवाज त्यांच्या पाठीतून माझ्या पाठीत उतरायचा. मी जे बोलायला शिकले, ते असं.

त्या दिवसांतली एक आठवण सांगते. मंडप गच्च भरला होता. खांबाला धरून एक वाकलेली म्हातारी उभी होती. खाली बसली असती, पण बसल्यावर उठवत नव्हतं. तिची तरणी सून कडेवर लेकरू घेऊन शेजारी उभी होती. महाराजांचं लक्ष गेलं आणि कीर्तन थांबलं. त्यांनी मला स्वतः उचललं, गर्दीतून वाट काढत म्हातारीजवळ नेलं आणि म्हणाले, "बुढी माय उभी अन् म्या बसू? मंग वर गेल्यावर पांडुरंगाले कोणतं तोंड दाखवू? बस माय." ती लाजली, मग बसली. वेचलेल्या कापसाची ओटी ठेवावी, तेवढंच तिचं वजन. महाराज मग सबंध कीर्तन उभेच राहिले.

त्या तरण्या सुनेचं नाव देवका. ते तेवढं लक्षात असू द्या.

पुढे महाराज देवाघरी गेले. गावाने त्यांचा फोटो केला, आणि तो ठेवायला माझ्याइतकी योग्य जागा कोणती? माझ्यावर शाल अंथरली, फोटो ठेवला, हार घातला. जाणारा-येणारा मला हात लावून कपाळाला लावू लागला. सुरुवातीला मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? असा मान पाटलाच्या खुर्चीलाही मिळत नाही. पण एक सप्ताह गेला, दुसरा गेला, वर्षं गेली. हार बदलत राहिले, माझ्यावर कुणी बसेना. मी भिंतीला टेकून होते. ओल आली, आणि मागच्या डाव्या पायाला वाळवीने तोंड लावलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हार समोरून घालतात, मित्रांनो. मागून कोण बघतं?

कीर्तनात पूर्वरंग संपतो आणि कथा सुरू होते. माझाही पूर्वरंग इथे संपला.

एके दिवशी देवळासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडल्या आणि गावातली म्हातारी माणसं गोळा झाली. मी दारातून बघत होते. हे कोणतं कीर्तन म्हणावं? टाळ नाही, बुक्का नाही. गावच्या आरोग्याचं काम बघणारी आशाताई वर्षाली पुढे उभी राहून हात वर करी आणि मागे सगळे हात वर करीत. टाचा उचला, म्हणाली की टाचा उचलत. भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभे राहत. मग ती मिठावर, पाण्यावर, पडू नये म्हणून न्हाणीत काय करावं यावर बोले. ते प्रवचन झालं, एवढं मला कळलं. बाकीचं काय, याचं कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

पहिले काही दिवस माणसं कंटाळून गेली. "शाळेतले पोट्टे हावो का आम्ही?" असं म्हणत भजनी मंडळाचे नत्थूजी उठून निघाले होते. वर्षालीने त्यांना विचारलं, "नत्थूआबा, तुमच्या खंजिरीवर टाच उचलता येईल का?" म्हातारा थांबला. दुसऱ्या दिवशी खंजिरी घेऊन आला. तेव्हापासून त्या मेळ्याला लय आली. तानाबाईने बुद्धविहारातली गाणी आणली, कौशल्याबाईने दळणाच्या ओव्या आणल्या, आणि टाचा आपोआप उचलल्या जाऊ लागल्या.

सगळ्यात शेवटी आली देवका. आता तिला सगळे देवकाबाई म्हणत. नवरा गेला, त्यानंतर ती न्हाणीत घसरून पडली, आणि तिचा लेक चंदन घाबरला. लेक मोठा गुणाचा. पाणी हातात, ताट हातात. "माय, तू काहीच नको करू. तू फक्त बसून राह्य." सूनही तशीच मायेची. बसून बसून देवकाबाईचे पाय काडीसारखे झाले. ओसरीवर ती बसलेली असे, येणारे-जाणारे पाया पडत. दारातून मला तिची ओसरी दिसायची. ती तिकडे, मी इकडे.

तिला ओढून आणलं तानाबाईने. या दोघी एकाच शेतात कापूस वेचता वेचता मैत्रिणी झालेल्या. तानाबाई ओसरीवर चढून म्हणाली, "चंदन, तुह्या मायची मूर्ती बसवली का रे अथी? नारळ कवा फोडू?" चंदनला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती देवकाबाईला हाताला धरून घेऊन गेली.

एकदा माझ्या दाराच्या पायरीवर विसावा घेताना देवकाबाईने तिला मनातलं सांगितलं. "नातीच्या येळी ह्याईनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाले चादर कबूल केल्ती. टेकडी चढून मीच देईन, म्हणत होते. देऊ नाई शकले. आता मले चढाची हाये."

"चंदनले सांग ना मंग."

"सांगतलं तं तो एकटाच जाऊन चढवून येईन. मले ओसरीवर बसवून."

तानाबाईने पदराने तिचं नाक पुसलं. "मंग मेळा सोडजो नोको. पाय तयार झाले का मी येतो संगं."

आणि पाय तयार होत होते, मित्रांनो. मी दारातून पाहत होते. आधी ती पायरी चढताना दोन्ही हात टेकी, मग एकच हात, मग नुसता पदर सावरी.

वर्ष होत आलं, तेव्हा या मेळ्याला मदत करणाऱ्या वर्ध्याच्या संस्थेतली तरुण माधवी आली. मेळा सुरू होण्याआधीही ती येऊन गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची, ओसरीवरच्या देवकाबाईचीही, तपासणी करून गेली होती. आता पुन्हा तीच तपासणी करायची, आणि वर्षभरात काय बदललं ते बघायचं. तिने सगळ्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं, "आजी-आबा, मेळ्यात मजा येते, ते दिसतंच आहे. पण तब्येतीला उपयोग होतो का, हे बघायला मी आले. होत असेल तर मेळा चालू राहील. होत नसेल तर इथली मदत दुसऱ्या गावाला जाईल. मी नंबर वाढवून लिहिणार नाही आणि कमीही करणार नाही."

देवकाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच विरलं.

चालणं झालं, रक्तदाब झाला. शेवटची परीक्षा खुर्चीची. हात छातीवर घट्ट धरायचे, खुर्चीवर पूर्ण टेकायचं आणि हातांचा आधार न घेता उठायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं, ते मोजायचं. मागच्या खेपेची अंगणवाडीतली बिनहाताची खुर्ची एका लग्नात मोडली होती. गावातल्या बाकी साऱ्या खुर्च्यांना हात. वर्षालीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

नत्थूजींनी पुढे होऊन फोटो उचलून कोनाड्यात ठेवला, शाल घडी केली आणि हार बाजूला काढला. "गावाच्या पायाचं काम हाये. न्या," म्हणाले.

मला अंगणात आणून ओट्याच्या भिंतीला टेकवलं. माधवीने टेपने माझी उंची मोजली, मागच्या खुर्चीशी जुळते का ते पाहिलं. माझ्या आनंदाला सीमा नव्हती. आज कुणीतरी बसणार!

पहिली तानाबाई. धप्पकन बसली. माझ्या फळीतून शहारा गेला. उठली, बसली, उठली. विहारातल्या गाण्यासारखी एका लयीत. माधवी खूश झाली.

मग देवकाबाई आली. आधी तिने मला हात लावून कपाळाला लावला. वळली, हात छातीवर घेतले, खाली वाकली, आणि माझ्यापासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबली. तिथूनच उठली. पुन्हा वाकली, पुन्हा अधांतरी थांबली. तिच्या पातळाची कड मला लागे, ती स्वतः लागत नसे. चेहरा लाल झाला, मांड्या थरथरू लागल्या.

"आजी, पूर्ण टेका," माधवी म्हणाली.

"हाव हाव," देवकाबाई म्हणाली, आणि पुन्हा तेच.

वेळ संपली. पूर्ण टेकलं नाही तर मोजायचं नाही, असा नियम. माधवीच्या हिशेबी देवकाबाई एकदाही बसली नव्हती. कौशल्याबाईचंही तसंच झालं. नत्थूजींनी तर कहर केला. प्रत्येक वेळी वळून मला नमस्कार करायचा, मग वाकायचं, मग पुन्हा नमस्कार. मी आतल्या आत ओरडत होते, "अहो, बसा ना!" पण लाकडाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

माधवी ओट्यावर बसली आणि वर्षालीला हळूच म्हणाली, "मला काही कळत नाही. तानाआजीचे पाय सुधारले, आणि देवकाआजी तर मागच्या वर्षापेक्षाही मागे गेल्या. एकच मेळा, एकच व्यायाम. असं कसं होईल?"

हळू बोलली, तरी देवकाबाईने ऐकलं. ती तानाबाईजवळ जाऊन बसली, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "माह्यामुळं मेळा बंद होते का वं?"

"तं मंग बसत काऊन नाई?" तानाबाई उखडली. "कोंबडी अंड्यावर उतरते तशी काय उतरून राह्यली? बस ना धड!"

"तिच्यावर महाराज बसत होते, ताने. मी कशी बसू? तू तं बसली धपकन!"

तानाबाईचा राग उतरला. मग सावकाश म्हणाली, "मले काय मालूम बाई? आमच्या विहारात बाबासाहेबाच्या फोटोची खुर्ची हाये, तिच्यावर म्या तरी कुठं बसतो?"

माधवीने मान वर केली. एखाद्या श्रोत्याला कीर्तनातलं मर्म अचानक सापडावं, तसे तिचे डोळे चमकले. "म्हणजे आजी, तुम्ही मुद्दाम टेकत नव्हता? हवेत थांबत होता?"

"मंग काय करू? उठ-बस तं कराले सांगतली तुनं."

माधवी उठली. माझ्याकडे पाठ केली, हात छातीवर घेतले आणि देवकाबाईसारखी अधांतरी थांबली. एकदा जमलं. दुसऱ्यांदा पाय थरथरले. तिसऱ्यांदा ती धाडकन माझ्यावर बसली!

"अर्र! बसली वं पोरगी महाराजाईच्या खुर्चीवर!" कौशल्याबाई ओरडली. माधवी चटका बसल्यासारखी उठली, दोन्ही हात जोडून माझ्याकडे वळली. नत्थूजी आधी डोळे वटारून उभे होते, मग पोट धरून हसू लागले. सारं अंगण हसलं. माधवी हसता हसता धापा टाकत म्हणाली, "आजी, मी तुमच्या नातीच्या वयाची. मला तीनदा जमलं नाही, आणि तुम्ही अर्धा मिनिट करत होता. तुमच्या पायांना काहीच झालेलं नाही! मीच मोजायला चुकले. पण चुकले असं नुसतं म्हणून लिहिता येत नाही. बसल्याशिवाय मोजता येणार नाही."

हसणं थांबलं. आता प्रश्न महाराजांचा होता. सगळ्यांनी नत्थूजींकडे पाहिलं, नत्थूजींनी कोनाड्यातल्या फोटोकडे.

बोलली ती देवकाबाईच. "माह्या सासूले त्याईनंच बसवलं होतं."

"कवा?" नत्थूजींनी विचारलं.

"भर कीर्तनात. माही सासू खांबाले धरून उभी होती. महाराजाईनं हेच खुर्ची उचलून आणली. तिच्यासाठी सारं कीर्तन उभ्यानं केलं. मी बाजूले होतो, चंदन कडेवर होता." ती बोलता बोलता माझ्याजवळ आली. "नत्थूभाऊ, त्याईनं बुढीले बसवलं, अन् आपण त्याईच्या नावानं बुढ्याईले उभं ठेवून राह्यलो."

तिने मला नमस्कार केला. मग वळली आणि पूर्ण वजन टाकून बसली.

मित्रांनो, ते वजन! सासूसारखं कापसाचं नव्हे, जिवंत, भरीव वजन. माझ्या रेषारेषांत टाळ वाजले. आणि त्याच क्षणी माझा मागचा डावा पाय कडकन बोलला.

माधवीने झेप घेऊन देवकाबाईचे खांदे धरले, तानाबाईने कंबर धरली. पण देवकाबाई माझ्या आधाराशिवाय, कुणी उचलायच्या आतच आपल्या पायांवर उभी राहिली होती. मी मात्र तिरपी झाले. नत्थूजींनी मला उलटं केलं. पाय आतून पोकळ. बोट लावलं तर भुगा पडला.

म्हातारा खाली बसला. "रोज हार घातला हिले. एकदा मांगून नाई पाह्यलं."

चंदन शेतातून येऊन अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने मायला पडता पडता स्वतःहून उभं राहताना पाहिलं होतं, आणि नत्थूजींचं बोलणंही ऐकलं होतं. तो माझ्या पोकळ पायाकडे बघत राहिला, मग मायच्या पायांकडे.

ती परीक्षा त्या दिवशी झाली नाही. मला समुद्रपूरला नेलं. ज्या सुताराने मला घडवलं, त्याचा नातू धीरज याने वाळवीचा पाय काढून नवा सागवानी पाय बसवला, बाकीच्या तिघांना औषध लावलं. "हात लावू का आजकालच्यासारखे?" असं त्याने विचारलं. नत्थूजी घाईने म्हणाले, "नोको गा! आता तं परीक्षेची खुर्ची हाये."

पुढच्या आठवड्यात माधवी पुन्हा आली. नत्थूजी सगळ्यात आधी माझ्यावर बसले. हातात खंजिरी घेऊन, सगळ्यांना दिसेल असे. त्यानंतर कुणी अधांतरी राहिलं नाही. परीक्षा दोनदा का घ्यावी लागली, खुर्ची बदलल्याने काय झालं, हे माधवीने लपवलं नाही. सगळं तसंच लिहिलं. निकालही तिने अंगणात वाचून दाखवला. पाय सुधारले, तोल सुधारला. रक्तदाब मात्र जिथल्या तिथे.

"ते कसं काय?" नत्थूजींनी विचारलं.

"आबा, लोणचं कुणाच्या ताटात असतं?"

"त्याच्याबिगर भजन होत नाई नं माय," नत्थूजी म्हणाले, आणि कौशल्याबाईने त्यांना कोपर मारलं.

मेळा चालू राहिला. आता त्यात लोणच्यावरचं प्रवचन जरा लांबतं.

गिरडची टेकडी मी पाहिलेली नाही. माझं लाकूड त्या बाजूचं, पण मी खुर्ची झाल्यावर गाव सोडलं ते एकदाच, तेही पायासाठी. म्हणून पुढचं देवकाबाईने सांगितलेलं सांगते. ते तिने मेळ्यात, माझ्यावर बसून सांगितलं. या खेपेला तिने चंदनला चादरीचं सांगितलं होतं, आणि एसटीने तिघं गेली होती. ती, तानाबाई आणि चंदन. टेकडीच्या पायथ्याशी चंदनने सवयीने हात पुढे केला. ती म्हणाली, "तू चादर धर. मले धरू नोको." थांबत थांबत चढली. वर चादर चढवली, तेव्हा लेक तिच्या मागे उभा होता. मोठ्याने रडत होता म्हणे. तानाबाई म्हणाली, "मी तं त्याले सांगतलं, लेका, आता तुह्या मायले उतराले तूच लावजो, ते तं उतराचं नावच नाई घेऊन राह्यली."

येताना देवकाबाईने तिथला एक जायफळासारखा गोल दगड आणला. माझ्या फळीवर ठेवला. मग हसून उचलला आणि कोनाड्यात महाराजांच्या फोटोपाशी नेला. म्हणाली, "अथी ठेवला तं लोक पुन्हा याच्याच पाया पडतीन."

फोटो आता कोनाड्यातच आहे, हारही तिथेच. शाल देवकाबाईच्या खांद्यावर असते कधी, कधी कौशल्याबाईच्या. आणि मी सप्ताहात खांबाजवळ असते. जो थकेल, तो बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील. त्यांच्या पाया पडता, ते चांगलंच आहे. पण एकदा त्यांच्या मागेही जाऊन बघा. पाय कुठे पोकळ होत नाहीत ना? त्यांना काही करू द्या. भाजी निवडू द्या, बाजाराला नेऊ द्या, टेकडी चढायची असेल तर तुम्ही चादर धरा. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तू घरात असतील, तर त्यांनाही हार घालून भिंतीला टेकवू नका. मान मिळाला की आम्हाला छान वाटतं. पण जगतो आम्ही वजनावर.

सुरुवातीला प्रश्न विचारला होता, आठवतं? उत्तर मला सांगायचं असेल तर उभ्याने सांगू नका. आमच्या गावी या. मी खांबाजवळ आहे. आधी बसा.